येतानाचा पट्टा

४ मार्च, सोमवार

ठकीला आज गाडीवर बसू दिलं नाही. आधी कॉलेजचं सगळं मैदान पायी चालायला लावलं. तोंड एवढंसं झालं तिचं. तिशीची घोडी झाली, तरी रुसली की खालचा ओठ लहानपणीसारखाच पुढे येतो. म्हटलं, बाई गं, गवतात काय पडलंय ते आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग पात्यांना दाखवायचं. दगड, तार, बाटलीचं बूच, काहीही असतं. पात्याखालून सुटलेला खडा काच फोडायच्या आधी कोणाची परवानगी घेत नाही. परत आली तेव्हा पिशवी निम्मी भरली होती आणि रुसवा गेला होता.

पुढच्या वर्षी मी रिटायर होतो. आमचे सुपरवायझर साहेब माझ्या निम्म्या वयाचे आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी शब्द दिलाय की वीस एप्रिलची परीक्षा ठकी पास झाली आणि मी ती तयार आहे म्हणालो, तर गवत कापायच्या मोठ्या गाडीवरची माझी जागा तिची. एका बॅगेनिशी ती सासरहून परत आली. तिकडे परत जाणार नाही म्हणते, आणि मी धाडणारही नाही. पण आमच्यामागे तिला कोण? ही जागा मिळाली तर तिला कोणाच्या दारात उभं राहायला नको. म्हणून ही वही. काय शिकवून झालं ते लिहून ठेवलं म्हणजे तेच दळण पुन्हा दळायला नको.

परवा सकाळी डोकं फार ठणकलं. डाव्या हाताला मुंग्या आल्या, कप पडला. पडून राहिलो, उतरलं. हिला, ठकीच्या आईला, सांगितलं नाही. साहेबांच्या कानावर गेलं तर तपासणीला पाठवतील, आणि ती होईपर्यंत माझी गाडी बंद म्हणजे ठकीचं शिकणंही बंद. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्या.

६ मार्च, बुधवार

आज बसवली. इंजिन बंद ठेवून नुसते हातपाय कुठे जातात ते घोकून घेतलं. उजव्या पायाखाली चालवायचं पेडल, पुढे दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे. डाव्या पायाखाली ब्रेक. ब्रेक शेवटपर्यंत दाबायचा, कुरवाळत बसायचं नाही. पिवळा खटका ओढला की पोटाखालची पाती फिरतात. सीटखाली एक बटण असतं, माणूस उठला की इंजिन आपोआप बंद. काही शहाणे ते बटण तारेने बांधून टाकतात, कारण खड्ड्यात गाडी उडाली की इंजिन बंद पडतं आणि पुन्हा सुरू करायचा कंटाळा. म्हटलं, ज्या दिवशी तू ते बटण बांधशील त्या दिवसापासून बापाचं नाव लावू नकोस.

मग सगळ्यात मोठा नियम. इंजिन चालू असताना गाडीच्या आसपास कोणीही नको. कोणी आलं की आधी पाती बंद, मग बोलणं.

"मी आले तरी?"

"तू आलीस तरी. यंत्राला नातं कळत नाही."

ती हसली. म्हणाली, "माझ्या सासरीही कळत नव्हतं."

 टायरमधली हवा तपासायला लावली.

९ मार्च, शनिवार

पेपरवाल्यांना काय धाड भरलीय कळत नाही. मथळे मधूनच सुरू होतात. "ला अखेर मंजुरी." अरे, कशाला मंजुरी? "च्या भावात वाढ." कशाच्या? पूर्वी चुका काढायला माणसं ठेवायचे, आता सगळा आनंदीआनंद. पेपर बंद करून टाक म्हणालो तर ही माझ्याकडे बघतच राहिली.

ही तशीही फुगलेलीच आहे. म्हणे भाजी आवडत नसेल तर तोंडाने सांगा, टाकून काय देता. मी म्हटलं, टाकली कुठे? चाटूनपुसून खाल्लंय. तर ताट उचलून नाकासमोर धरलं. बटाट्याच्या फोडी होत्या खऱ्या. मी हात धुवायला उठल्यावर वाढल्या असणार. बायकांना भांडायला कारण लागतं, नसलं तर करून घेतात.

१२ मार्च, मंगळवार

ठकीने आज पाती फिरवून पहिले पट्टे कापले. पहिला पट्टा दारू प्यायल्यासारखा गेला, दुसरा शुद्धीवर आला. तिला सांगितलं, चाकाकडे बघू नकोस, पलीकडच्या टोकाला एक झाड धर आणि त्याच्यावर नजर ठेव. कापलेल्या पट्ट्यावर टीचभर चढून चालव, म्हणजे मधे काही राहत नाही. गवत एकदम बोडकं करायचं नाही, शेंडा घ्यायचा, नाहीतर मुळं उन्हात करपतात. पोरगी एकदा सांगितलं की धरते. माझा हात आहे तिला.

मग मी उरलेलं घेतलं. फिटर चहा घेऊन आला होता. वर्कशॉपमधला हा फिटर माझा जुना दोस्त, गाड्यांची सगळी दुरुस्ती त्याच्याकडे. मी इंजिन बंद केल्यावर म्हणाला, "काय रे, मैदानाला शेंडी ठेवलीस की काय?"

उतरून बघतो तर दोन पट्ट्यांच्या मधे गवताची ओळ उभी. एक नाही, बऱ्याच.

"जाताना बरोबर जातोयस. येताना सोडतोयस," म्हणाला.

मी म्हटलं, तुझी पाती बोथट आहेत, आणि पात्यांचा डबा एका अंगाला कलला आहे. त्याने तिथेच पट्टी लावून डबा मोजला. चारी बाजू सारख्या. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणून खिदळला. मला नाही हसू आलं. ठकीलाही आलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

गवत ओलं होतं, थांबलो. ओलं गवत कापलं की पात्यांच्या डब्याला गोळे चिकटतात आणि चाक सरकतं. ठकीला चावी काढून ठेवायला लावली आणि मग डब्याची खालची बाजू खरवडायला दिली. हात हिरवेगार करून घरी आली.

ही वहीत डोकावली. म्हणे पान एवढं अर्धं कोरं का सोडता, कागद फुकट मिळतो का? कुठे कोरं सोडलंय? या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहितोय. हिला चष्मा बदलून घ्यायला सांगितलं पाहिजे.

१८ मार्च, सोमवार

गोलपोस्ट कोणीतरी सरकवला. खेळाच्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले तो सिमेंटमध्ये पुरलेला आहे, सरकेल कसा. मग माझ्या गाडीचं पुढचं चाक त्यावर गेलंच कसं? आयुष्यभर त्या खांबाला वळसा घालतोय मी. चाकाची रिम वाकली. साहेबांना कळायच्या आत फिटरने ठोकून सरळ केली. या वेळी थट्टा केली नाही त्याने. नुसतं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

हल्ली स्टिअरिंगही जड झालंय. आणि माणसं मांजराच्या पावलांनी येतात. काही चाहूल नाही, एकदम बाजूला उभी.

२१ मार्च, गुरुवार

आज घरी लवकर आलो आणि जेवलोही नाही.

दुपारी डबा खाऊन झाडाखाली जरा पडलो होतो. इंजिनाच्या आवाजाने जाग आली. बघतो तर ठकी माझ्याच पट्ट्यांवरून पुन्हा गाडी फिरवतेय. कानामागून आली अन् तिखट झाली! सगळं आटोपून गाडी जाग्यावर लावेपर्यंत दम धरला, मग फाडफाड बोललो. बापाचं काम तपासतेस? चार दिवस झाले नाहीत सीटवर बसून.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरकडे जाऊ या. तुमचं काहीतरी होतंय."

"मला काय धाड भरलीय?"

"आज दाढी अर्धीच केलीत. रोज अर्धीच करता. तुम्ही झोपलात की आई उरलेली करून टाकते म्हणून लोकांना..."

"गप्प बस!" एवढ्याने ओरडलो की माळ्याने मान वर केली. "डॉक्टर म्हणाला विश्रांती घ्या, तर परीक्षेला तुला कोण उभं करणार? जागा जाईल तुझी. जा मग परत त्या घरी बॅग घेऊन! आणि साहेबांकडे यातला एक शब्द जरी गेला तर मी तुला तयार म्हणणार नाही, सांगून ठेवतो."

 ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. नको ते बोललो हे कळतंय. पण खोटं काय बोललो?

२३ मार्च, शनिवार

मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि मी गेलो की कांद्याचे भाव काढतात. चहाचा कप हल्ली माझ्या उजव्या हाताशी येतो. खुर्ची फिरवून ठेवली आहे, माझी पाठ खिडकीकडे. रस्ता ओलांडताना ठकी कोपर धरते. मी काय आंधळा आहे? तसं म्हटलं तर तिने कोपर सोडलं आणि बाही धरली.

२७ मार्च, बुधवार

आज फार बरं वाटलं. तळ्याकाठचा उतार शिकवला. अशी बसायची गाडी उतारावर आडवी घालायची नाही, कलंडते. सरळ खाली, सरळ वर. वळायचं ते वर सपाटीवर येऊन, तेही हळू. आणि पाण्याजवळची कड सोडून द्यायची, ती हाताच्या मशीनने. एका वर्षी पलीकडच्या कारखान्याचा माणूस शेवटची वीतभर कड घ्यायला गेला आणि गाडीखालीच राहिला. ते मी तिला सांगितलं. पाण्याकडे बघत ऐकून घेतलं तिने.

मग एकटीने अख्खा उतार केला. मी वर उभा. खाली जाताना पाठ ताठ, वर येताना ओठ दाबलेला. एकही पट्टा वाकडा नाही. साहेब ऑफिसच्या जिन्यावर उभे होते. उंटावरून शेळ्या हाकायची सवय असली तरी माणूस वाईट नाही. अंगठा वर केला. मला इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला गाडीचं चाक तपासायचं नाटक केलं. परीक्षेपर्यंत फक्त मला सीटवर टिकून राहायचंय.

३० मार्च, शनिवार

ठकीला नवंच खूळ लागलंय. मी कापत असलो की गाडीच्या बाजूने चालते. मला पत्ता नसतो, एकदम कानाशी आवाज येतो, "बाबा, जरा डावीकडे घ्या." दचकून पाती बंद केली. पहिल्याच आठवड्यात सांगितलेला नियम! "स्टिअरिंग कसं फिरवता ते लांबून दिसत नाही," म्हणाली. ही थाप आहे, तिला स्टिअरिंग माझ्यापेक्षा चांगलं येतं. लांब जा म्हटलं की जाते आणि दोन पट्टे झाले की पुन्हा तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी.

एक खरं, तीन दिवसांत एकही पट्टा राहिला नाही. फिटरने पात्यांना धार लावून दिली त्याचा गुण.

५ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिलं नाही. 

काल तळ्याकाठी वरच्या सपाटीवर मी गाडी वळवली, नेहमीसारखी डावीकडे. चाक कशावर तरी चढलं. मला दगड वाटला. राग आला, सकाळीच सगळं चालून आलो होतो, दगड राहिलाच कसा? शिवी दिली आणि दगड बघायला उठलो. सीटखालच्या बटणाने इंजिन बंद पडलं. तेव्हा ओरडणं ऐकू आलं.

ठकीचा आवाज, पण ठकी दिसेना. मी उजव्या अंगाने उतरलो, पुढे बघितलं, मागे बघितलं, गवतात दगड शोधत राहिलो. ती "बाबा, बाबा" करतेय आणि मला कळत नाही ती कुठे आहे. मागून पूर्ण वळसा घातला तेव्हा दिसली. पुढच्या चाकाखाली तिचा डावा पाय घोट्यापर्यंत. फिटर धावत आला, त्याने आणि माळ्याने गाडी ढकलून उचलली. मी नुसता उभा होतो.

घोट्याचा चुरा झालाय. आत स्टीलची पट्टी आणि स्क्रू घातलेत. पात्यांपर्यंत पाय गेला नाही म्हणून पाय आहे, असं डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांना मी एकच सांगतोय. तिला नियम माहीत होता. मी स्वतः शिकवला होता. ती तिथे कशाला उभी राहिली? ही दवाखान्याचा डबा भरत राहते. माझ्याकडे बघतही नाही.

८ एप्रिल, सोमवार

साहेब दवाखान्यात येऊन गेले. ठकीला बरं वाटावं म्हणून इकडचं तिकडचं बोलले. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "काका, चालू गाडीजवळ उभी राहिली, वर कळवावं लागलं. शिकाऊ माणसाने पहिलाच नियम मोडला म्हटल्यावर परीक्षेच्या यादीत तिचं नाव ठेवता येत नाही. माझाही नाइलाज आहे."

ठकीला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. पण मी आत गेलो तर तिला कळलेलंच होतं. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"का उभी राहिलीस गं तिथे?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मलापण ती नोकरी हवी होती, बाबा," एवढंच म्हणाली.

हे काय उत्तर झालं?

९ एप्रिल, मंगळवार

हे सगळं लिहून काढायचं ठरवलंय. जमेल तसं.

आज दवाखान्यात ठकीच्या खाटेकडे जाताना मी औषधांच्या ट्रॉलीला धडकलो. सगळ्या बाटल्या खाली. हाडांचे डॉक्टर तिथेच होते. त्यांनी मला बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. ही जी बोलायला लागली ती थांबेचना. ताट, दाढी, वही, पेपर, खांदा दाराला लागतो ते, एक चप्पल घालून बाहेर पडतो ते. चहाडी केल्यासारखं नाही, पदरातलं ओझं टाकल्यासारखं. दुपारी मला मेंदूच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं.

त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर बारीक बारीक रेघा सांडल्यासारख्या. म्हणाल्या, प्रत्येक रेघेवर फुली मारा, एकही सोडू नका. हा काय पोरखेळ? मी नीट, ओळीने, मैदान कापतात तसा कागद संपवला. म्हटलं, घ्या, झालं.

"एकही राहिली नाही?"

"शोधून दाखवा."

बाईंनी कागद उलटा फिरवून पुन्हा माझ्यासमोर ठेवला. निम्मा कागद तसाच होता. एकाही फुलीशिवाय.

मी म्हटलं, बाई, या रेघा तुम्ही आत्ता काढल्यात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या मेंदूत मागे एक रक्ताची गाठ अडकून गेलीय. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग तुमच्या मेंदूने सोडून दिलंय. आणि सोडून दिलंय हेसुद्धा तो तुम्हाला कळू देत नाही.

मी हिला म्हटलं, चल, पैसे काढायचे धंदे आहेत सगळे. 

रात्री जेवलो. ताट रिकामं झालं. बसून राहिलो. मग त्या बाईंनी कागद फिरवला तसं ताट हाताने फिरवलं. भात होता, भाजी होती, लोणच्याची फोडसुद्धा होती. ही वाढायला उठलीच नव्हती, समोर बसलेली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने तोंडात पदर कोंबला.

म्हणजे आठवडाभर ठकी माझ्या त्या बाजूला चालत होती. मला न दिसणाऱ्या बाजूला. देवा.

१० एप्रिल, बुधवार

साहेबांकडे गेलो. बस म्हणाले, बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

म्हटलं, "ती नियम मोडून उभी नव्हती. मला डावीकडचं दिसत नाही. ती माझ्या जागी बघत होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मी ऐकलंच नाही असं धरतो. एवढं वर्ष काढा, हलकं काम देतो."

"ऐका. आणि लिहून घ्या. ठकीचं नाव परत लावा."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला दिसत नाही हे तिला माहीत होतं. माहीत असून तिने कळवलं नाही, तुम्हाला गाडी चालवू दिली. काका, हे तर नियम मोडण्यापेक्षा वाईट झालं."

 करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तिचं नाव पुसलं गेलं होतं, त्यावर मी चिखल ओतायला आलो होतो.

मग खरं ते सगळं सांगितलं. तिने मला डॉक्टरकडे चला म्हटलं होतं. मी ओरडलो. साहेबांना कळवलंस तर तुला तयार म्हणणार नाही म्हणालो, बॅग घेऊन परत जा म्हणालो. पोटच्या पोरीला. फिटरला विचारा, माळ्याला विचारा, माळ्याने तर कानांनी ऐकलंय. कधी कोणापुढे इतका लहान झालो नव्हतो. साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, जुलैअखेरपर्यंत जागा भरत नाही. पाय बरा झाला तर परीक्षा घेतो.

चावी टेबलावर ठेवली. मी खोलीत होतो तोवर त्यांनी उचलली नाही.

१९ मे, रविवार

ठकी कुबड्यांवर उभी राहिली. मला डॉक्टरीण बाईंनी काम दिलंय. मान डावीकडे वळवायची, खांद्याच्याही मागे, मुद्दाम, आठवणीने. मी वळवतो. प्रत्येक वेळी तिकडे काहीतरी असतं. दार, खिडकी, ही. सकाळपासून ही तिथे बसलेली असते आणि मी तिला हाका मारत असतो.

आम्ही तिघंही जुलैचं नाव काढत नाही आणि मनात दुसरं काही नसतं.

२७ जुलै, शनिवार

परीक्षा झाली.

मी दोरीच्या बाहेर फिटरजवळ उभा होतो. मान वळवून वळवून दुखायला लागली, गाडी कधी सापडायची, कधी हरवायची. शेवटी म्हटलं, "तू सांग रे काय चाललंय." एरवी दिवसभर थट्टा करणारा माणूस, पण एकेक गोष्ट नीट सांगत गेला. आता मैदान चालून आली. आता तेल बघतेय. आता पहिला पट्टा. सरळ आहे. दुसरा सरळ आहे. मधे काही राहिलं नाही रे, गालिचा अंथरलाय तुझ्या पोरीने.

मग उतार. साहेबांनी सांगितलं होतं, निम्म्यावर थांबायचं आणि ब्रेकवर गाडी धरून ठेवायची. फिटर बोलायचा थांबला.

"काय झालं?"

"थांबली."

"मग?"

"गाडी मागे सरकतेय." आणि थोड्या वेळाने, "हाताने ब्रेक दाबून थांबवली तिने. ब्रेक शेवटपर्यंत जात नाहीये. घोटा वाकतच नाही रे तिचा."

साहेबांनी दुसरी संधी दिली, तिसरीही दिली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज माझ्यापर्यंत आला, दुखून ओरडली ती. मग साहेबांनीच वर जाऊन इंजिन बंद केलं.

ती लंगडत आली. मी मान वळवून तिला शोधलं. म्हटलं, "ठकी, माझ्यामुळे झालं गं हे." ती नाही म्हणाली नाही. हो सुद्धा म्हणाली नाही. माझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली आणि लहान पोरासारखी रडली. सगळ्यांदेखत मीही रडलो.

जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल.

४ ऑगस्ट, रविवार

फिटर तिला वर्कशॉपमध्ये पाती घासायला बसवतो म्हणतो, तात्पुरतं. बसून करायचं काम आहे. ती हो म्हणाली आहे. तोवर दुसरीकडे बघेन म्हणते. कुठे बघणार ते तिलाही माहीत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्यांदाच फिरायला बाहेर पडलो. डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलंय. तिच्या हातात काठी. फाटकाबाहेर येताच ती वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला गेली.

मी म्हटलं, "ठकी, या अंगाला ये ना. इथे मला तू दिसतेस."

"नको," म्हणाली. "तिकडे तुमचं तुम्हाला दिसतंय. इकडे कोणीच नाही, बाबा."

मग आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मला ती दिसत नव्हती. काठीचा आवाज येत होता.